चौथीचा प्रश्न, पाचवीचा होकार

“आणि चौथी पिन म्हण...”

“पाठवू का,” शर्वरी म्हणाली. “चौथी म्हणजे ‘पाठवू का?’. पाचवी म्हणजे ‘हो, पाठव’. दुसरी बोलायची, तिसरी ऐकायची, सातवी जमिनीची, ग्राउंडची.”

उस्तादांचा प्रश्न अर्धाच राहिला. त्यांनी तो चहाच्या घोटाबरोबर गिळला.

दस्तगीर शिकलगार विट्यात पिराच्या दर्ग्याच्या आवारात, पत्र्याच्या एका खोलीत बसत. आजा-पणजा विळ्या-अडकित्त्यांना धार लावणारे. यांनी मात्र तरुणपणी सोल्डरिंगचं आयर्न हातात धरलं ते धरलंच. तीन जिल्ह्यांतले म्हातारे कॉम्प्युटर, जे बाकी सगळ्यांनी टाकून दिले होते, ते शेवटी त्यांच्या दारात यायचे. लोक त्यांना उस्ताद म्हणत.

शर्वरी मगदूम सांगलीला इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती. आठ महिन्यांपूर्वी ती शिकायला म्हणून आली, आणि येताना सगळं पाठ करूनच आली.

पंचवीस पिनांचा जोड तिला तोंडपाठ. नऊ पिनांचा तोंडपाठ. जुन्या कीबोर्डचा तो गोल जोड, ज्याच्या पिना ओळीने एक, चार, दोन, पाच, तीन अशा वेड्यावाकड्या मोजतात, तोसुद्धा तिला झोपेतून उठवून विचारला तरी यायचा.

उत्तर ती प्रश्न संपायच्या आत द्यायची. कॉलेजात तोंडी परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक यायचे. कुणी क्षणभर गप्प बसलं, की ते हसायचे. ते हसू अजून तिच्या पाठीमागे कुठंतरी उभं असायचं.

त्या गुरुवारी खोलीत डॉक्टर लठ्ठेबाईंचं यंत्र आलं होतं.

लठ्ठेबाई शेतकी खात्यातून निवृत्त झालेल्या. नोकरीत असताना त्या गावोगाव हिंडल्या आणि ज्वारीचे जुने वाण गोळा केले. कुठल्या गावात, कुणाच्या घरी, कुठल्या नावाचं बी... सगळं त्यांनी या एका यंत्रात टाईप करून ठेवलं. कागद पुढे ऑफिस हलवताना हरवले. उरली ती यादी फक्त यंत्राच्या पोटात.

आणि ते पोटच आता बिघडलं होतं.

फ्लॉपीचा खण मेलेला. आतली डिस्क सुरू होताना अशी किंचाळायची, की शर्वरी प्रत्येक वेळी खुर्चीवरून उडायची. ती काढून दुसऱ्या यंत्रात लावावी म्हटलं, तर तसलं दुसरं यंत्र तालुक्यात नव्हतं. उस्तादांनी कान लावून ऐकलं होतं आणि सकाळीच सांगितलं होतं की आता ही चालू आहे ती आहे. एकदा बंद पडली की परत उठेल असं वाटत नाही.

विट्यात दर गुरुवारी चारला लाईट जायची.

म्हणजे चारच्या आत ती यादी, यंत्राच्या पाठीमागच्या पंचवीस पिनांच्या जोडातून, तारेवरून, शेजारच्या धाकट्या यंत्रात आणायची. तिथून फ्लॉपीवर. मग बाईंच्या हातात.

हे काम मी एकटीने करू का, असं शर्वरीने सोमवारीच विचारलं होतं. उस्ताद तेव्हा काहीच बोलले नव्हते. ते हो असणार असं धरून तिने काम हातात घेतलं.

तार तिने घरून करून आणली होती. ती तिने टेबलावर ठेवली, जरा जास्तच हळू.

उस्तादांनी ती उचलली, चष्मा कपाळावर सारून डोळ्याजवळ नेली.

“किती तारा?”

“तीन.”

“आमच्या वेळी सात लागायच्या.”

ती खुशीत आली. बाकीच्यांची काही गरज नसते, हे तिने समजावून सांगितलं. दुसरी तिसरीला, तिसरी दुसरीला, सातवी सातवीला. झालं. राहिली ती चौथी. यंत्र तिच्यावरून विचारतं, पाठवू का? पाचवीवर होकार आल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. मग दोन्ही टोकांना, ज्या त्या जोडातच, चौथी आणि पाचवी एका इवल्या तारेने एकमेकींना जोडून टाकायची. जंपर मारायचा. यंत्र विचारतं, लगेच होकार येतो. खोळंबा नाही.

उस्तादांनी तार उलटसुलट केली. कथलाचे थेंब कसे गोल, चकचकीत, एकसारखे...

“देखणी झालीय,” ते म्हणाले.

शर्वरीचे कान लाल झाले. तिने पटकन दोन्ही टोकं दोन्ही यंत्रांत खोचली, स्क्रू पिळले, आणि दीड वाजता यादी सोडली.

हिरवी अक्षरं धाकट्या यंत्राच्या पडद्यावर धावत सुटली. गावं, बायकांची नावं, वाणांची नावं. ती टाळी वाजवणार होती.

मग तिने वाचलं.

गूळभेंडीची ‘गूडी’ झाली होती. काळी दगडी आली होती ती नुसती ‘काळी’. पुढे आख्खं जत गाव गायब. कुचकुचीतला एक ‘कुच’ कुठं वाटेत सांडला होता देव जाणे.

“चाळणी झाली,” ती पुटपुटली.

तिने वेग निम्मा केला आणि पुन्हा सोडली. भोकं कमी झाली, पण झाली. जिथं आधी होती तिथं नव्हतीच. नवीन जागी.

वेग आणखी कमी. पुन्हा. आता गूळभेंडी आली शाबूत आणि सुरती गेली.

मीटर काढला. एकेक पिन तपासली. मीटर पिक् वाजला की ती दचकायची, आणि नाही वाजला तर जास्त दचकली असती. पण तो वाजत होता. सगळीकडे वाजत होता. मोठ्या यंत्रातून तापलेल्या धुळीचा वास यायला लागला होता. डिस्कची घरघर सकाळपेक्षा जाड झाली होती, की तिला तसं वाटत होतं, कुणास ठाऊक.

पावणेतीन.

“तार बरोबर आहे, उस्ताद,” ती म्हणाली. आवाज रडवेला होऊ नये म्हणून तिने तो जरा मोठा काढला.

“आहे की.”

“मग अक्षरं जातात कुठं?”

उस्ताद उठले. त्यांनी आपलं स्टूल मोठ्या यंत्राच्या पडद्यासमोर ओढलं आणि ऐसपैस बसले.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “हातानंच उतरवून घेऊ. मी वाचतो, तू लिही.”

चारशेच्या वर ओळी. हातानं. सव्वा तासात. तिला हे पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. तिने वही घेतली.

उस्ताद वाचू लागले. आणि वाचू लागले म्हणजे कसे, गुळाच्या सौद्यात पुकारा करणारा माणूस वाचतो तसे. आटपाडी, हिराबाई, मालदांडी. आटपाडी, गोदाबाई, पिवळी. दिघंची, बायजाबाई, वाणी. श्वास घ्यायला म्हणून थांबले नाहीत. शर्वरी आधी पूर्ण शब्द लिहीत होती, मग अर्धे, मग नुसतीच पहिली अक्षरं. खरसुंडी आली तोवर ती अजून दिघंचीतच होती.

पान संपलं.

“थांबा उस्ताद.”

उस्ताद खरसुंडीवरून लेंगऱ्यात पोचले.

“थांबा ना. पान उलटायचंय मला.”

लेंगऱ्यातल्या तीन बाया संपल्या.

“उस्ताद, थांबायचं की नाही ते विचारा तरी.”

आता ते थांबले. तिच्याकडे वळले. चेहरा अगदी निष्पाप.

“विचारलं की.”

“कुणाला?”

“मला. म्हटलं, ‘पुढं वाचू का रे दस्तगीर?’ तर म्हणाला, ‘वाच की.’”

शर्वरी हसली. तिला हसायचं नव्हतं, पण फसकन आलं, आणि वहीवर डोकं टेकवून ती हसत राहिली.

मग हसू अर्ध्यात थांबलं.

तिने डोकं वर केलं. वहीकडे पाहिलं. तिच्या स्वतःच्या अक्षरात, गूळभेंडीची ‘गूडी’ झाली होती.

तिची नजर हळूहळू टेबलावरच्या तारेवर गेली. तारेच्या टोकाला, त्या देखण्या जोडाकडे, चौथी आणि पाचवीला बांधलेल्या त्या इवल्या जंपरकडे...

धाकट्या यंत्राची फ्लॉपी मंद होती. ते जमलेलं लिहून घ्यायला मधूनमधून थांबत होतं. तेवढ्या वेळात मोठं यंत्र बोलतच होतं. कारण त्याने विचारलं होतं आणि त्याला होकार मिळाला होता. त्याचाच.

“तुम्हाला तार बघताच कळलं होतं,” शर्वरी म्हणाली.

“हां.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“तू विचारलं कुठं? तू दाखवलंस.”

तिने कटर घेतला आणि दोन्ही जंपर उडवले. दोन नव्या तारा सोलल्या. या टोकाची चौथी, त्या टोकाच्या पाचवीला. त्या टोकाची चौथी, या टोकाच्या पाचवीला. एक थेंब चपटा पडला, एक तर चक्क वाकडा. उस्तादांनी आयर्न मागून घेतलं नाही, की पुढे वाकून पाहिलंही नाही. ते बाहेर जाऊन दोन चहा सांगून आले.

तीन वाजून दहा मिनिटं.

तिने जोड खोचले. बोट कळीवर ठेवलं. मग उस्तादांकडे वळली.

“सोडू का?”

उस्ताद कपात बघत होते. ती वाट बघत राहिली. हे किती अवघड असतं ते तिला माहीतच नव्हतं. मानेवरून मुंगी चालल्यासारखं वाटत होतं.

“सोड,” शेवटी ते म्हणाले.

अक्षरं निघाली. धावली. आणि थांबली.

शर्वरी ताडकन उठली. यंत्र अडकलं होतं. डिस्क गेली असणार. तिचा हात कळीकडे झेपावला, तर उस्तादांनी मधे घडी केलेलं वर्तमानपत्र टाकलं. कीबोर्ड त्याखाली झाकून गेला.

“हात मांडीवर ठेव.”

“पण ते थांबलंय.”

“ऐक.”

धाकट्या यंत्राचा लाल दिवा लागला होता. आत फ्लॉपी कुरकुरत होती. कर्र. कर्र. कर्र... दिवा विझला. मोठ्या यंत्रातली अक्षरं पुन्हा निघाली, जणू मधे काही झालंच नव्हतं.

पुन्हा थांबली.

पुन्हा निघाली.

चौथ्या-पाचव्या वेळी ती उठली नाही. आठव्या वेळी तिने चहा उचलला. गार झाला होता, तरी बरा लागला. थांबली की आता तिला एक नाव वाचायला वेळ मिळायचा. गूळभेंडी. कुचकुची, दोन्ही ‘कुच’सकट. काळी दगडी. जत.

तीन पस्तीसला यादी पूर्ण झाली. चारशे बारा ओळी.

दहा मिनिटांनी स्कूटर वाजली. लठ्ठेबाई हेल्मेटसकटच आत आल्या. सत्तरी ओलांडलेली, पण बाईंचा आवाज असा की दर्ग्यावरची कबुतरं उडावीत.

“काय दस्तगीर, आहे का गेलं माझं यंत्र?”

“तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे.”

“मग तुमच्याकडे कशाला आलं ते?”

“त्याला म्हटलं जरा चांगल्या माणसांत राहा.”

बाईंनी हेल्मेट काढून उस्तादांच्याच मांडीवर ठेवलं आणि धाकट्या यंत्रासमोर बसल्या. यादी वाचायला लागल्या. वाचत कसल्या होत्या, जेवत होत्या. सुरतीचा हुरडा कुणी खाऊ घातला, मालदांडीच्या भाकरीवर कुणी लोणी दिलं, कुठल्या बाईने यांना कणसाच्या राखणीला गोफण घेऊन माळ्यावर उभं केलं... शर्वरी शेजारी उभी राहून बोटं मोडत होती. एक ओळ सरकली की तिचा एक श्वास सुटायचा.

तीनशे सतराव्या ओळीला बाई थबकल्या.

शर्वरीने वाकून पाहिलं. गाव होतं, नागज. घर होतं, शेवंताबाईंचं. पुढे वाणाचं नाव.

नाव नव्हतं. तिथं रिकामं होतं.

पाच मिनिटं उरली होती. एवढी एक ओळ पुन्हा मागवता येईल, नाही तर मोठ्या यंत्राच्या पडद्यावर जाऊन बघता येईल. काय सांगायचं तेही तिच्या जिभेवर तयार होतं. एक नाव सुटलं बाई, तारेत थोडं राहिलं, आत्ता करते. हात पुढे गेलासुद्धा होता.

तो तिने मागे घेतला.

“बाई,” ती म्हणाली, “इथं... काय होतं?”

आणि गप्प राहिली.

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. बराच वेळ पुसला. शर्वरीला वाटलं, त्यांना ऐकूच गेलं नाही. पुन्हा विचारावं असं दोनदा मनात आलं. तिने विचारलं नाही.

मग बाई सांगू लागल्या, आणि आवाज त्यांचा नव्हताच म्हणा, इतका खाली आला होता.

नागजला शेवंताबाईंच्या घरी गाडग्यात राखेत घोळलेलं बी होतं. पांढरा दाणा आणि त्यावर कुंकवाच्या बोटाएवढा लाल ठिपका. असा दाणा बाईंनी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. नाव विचारलं, तर शेवंताबाई गप्प. दुसऱ्या वर्षी गेल्या, तरी गप्प. तिसऱ्या वर्षी शेवंताबाईंनी हुरडा दिला, जेवू घातलं, निघताना ओंजळभर बीसुद्धा पदरात घातलं. नाव दिलं नाही. एवढंच म्हणाल्या की बी न्या, नाव इथंच राहू दे, माझ्याजवळ काहीतरी नको का?

“ऑफिसातले साहेब म्हणाले होते, ती ओळच काढून टाका,” बाई म्हणाल्या. “मी नाही काढली. नुसती जागा सोडली. आज येताना वाटेत हीच धास्ती होती. म्हटलं, नावं येतील, पण हे रिकामं यंत्र गिळणार.”

शर्वरीने पडद्याकडे पाहिलं. रिकामी जागा होती तिथं होती. एका अक्षराने इकडची तिकडे झाली नव्हती.

तिने फ्लॉपी काढली. बाईंनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन ओढली. मग उघडून, आहे ना ते बघून, पुन्हा ओढली.

चार वाजले. लाईट गेली.

मोठ्या यंत्राच्या पोटातली घरघर उतरत उतरत बारीक झाली. शिट्टीसारखी. मग तीही थांबली.

बाईंनी यंत्राच्या डोक्यावर, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, हात ठेवला.

शर्वरी दारातल्या उजेडात वही घेऊन बसली. उस्तादांचा नियम होता की कुठल्या यंत्रातून काय आलं आणि किती आलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. तिने तारीख घातली. बाईंचं नाव घातलं. ज्वारीचे वाण, असं लिहिलं. पुढे आकडा घालताना पेन थांबलं.

“उस्ताद, किती लिहू? त्या नागजच्या ओळीत वाणाचं नावच नाही. ती धरायची का?”

उस्ताद तार गुंडाळत होते. वाकड्या थेंबाचं ते टोक त्यांनी अंगठ्याने एकदा चाचपलं.

“धर,” ते म्हणाले. “गप्प राहिली तीसुद्धा पोचली.”